कुळागरातला उलटा टांगलेला पोपट

गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या एका बागायतदारांनी विचारले आहे: संध्याकाळी कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) पंप बंद करायला गेलो, तर जायफळाच्या फांदीच्या टोकाला चिमणीएवढा हिरवा पक्षी वटवाघळासारखा उलटा टांगलेला होता. चोच पोपटाची, शेपूट जवळजवळ नाहीच. हे पोपटाचे पिल्लू की कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला लव्हबर्ड? दुसऱ्या दिवशी तसेच दोन पक्षी माडाच्या फुलोऱ्यात तोंड खुपसून बसले होते, त्याने नारळाचे नुकसान होते का? ऑस्ट्रेलियातले लोक अशा पोपटांना वाटीतून गोड पाणी पाजतात ते मोबाइलवर पाहिले, तसे ठेवावे का? आणि घरातल्या मुलांना एक जोडी पाळायची आहे, चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. का, ते ओघात येईलच.

तुम्ही पाहिलात तो लटकन. आपण कोकणीत सगळ्याच पोपटांना कीर म्हणून मोकळे होतो, म्हणून याला वेगळे नाव आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसते. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १४ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षा नखभर लहानच. अंग गवती हिरवे, चोच पोवळ्यासारखी लाल, आणि कंबरेपासून शेपटीवर उतरणारा लालभडक पट्टा. विणीच्या दिवसांत नराच्या गळ्यावर निळा डाग असतो. मादीला तो नसतो किंवा नावापुरता असतो. मोठ्या पक्ष्याचा डोळा फिकट पिवळसर पांढरा असल्यामुळे दुर्बिणीतून पाहताना तो जरा रागावल्यासारखा वाटतो. कोवळ्या पक्ष्याचा डोळा तपकिरी आणि एकूण रंग मळकट.

पिल्लाची शंका मनातून काढून टाका. आपल्या नेहमीच्या पोपटाचे पिल्लू ढोलीबाहेर पडते तेव्हा शेपूट सोडली तर अंगाने आईबापांच्या जवळपास भरलेले असते. चिमणीएवढे, सगळी पिसे आलेले आणि सुसाट उडणारे पोपटाचे पिल्लू नसतेच. लव्हबर्डची शंका मात्र रास्त आहे, कारण तेही हल्ली सुटून येतात. त्यासाठी कंबर बघा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डची कंबर निळी असते, लटकनाची लाल. चोचही लव्हबर्डची जाड आणि आखूड, याची बारीक. गंमत म्हणजे या दोघांचे नाते खरेच जवळचे आहे. जनुकांवरून पोपटांची वंशावळ मांडली तेव्हा आफ्रिकेतले लव्हबर्ड आणि आशियातले लटकन शेजारी-शेजारी बसले. एक घरगुती सवयही दोघांत सारखी आहे, ती घरट्याच्या ठिकाणी सांगतो.

ऑस्ट्रेलियातले ते वाटीतून पिणारे पोपट म्हणजे लोरी आणि लोरीकीट. जुन्या पुस्तकांत आपल्या लटकनालाही लोरीकीट म्हटलेले सापडते. त्याच्या शास्त्रीय नावातही, लोरिक्युलस व्हर्नॅलिसमध्ये, 'इवलासा लोरी' असाच अर्थ दडलेला आहे. स्पार्मान या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये त्याची नोंद केली तेव्हा 'वसंतातला' असे विशेषण त्याला चिकटले. पण खरा लोरी भारतात नाही. लोरीच्या जिभेच्या टोकाला बारीक केसाळ उंचवटे असतात, मध आणि पराग पुसून घ्यायला जणू कुंचलाच. लटकनाच्या जिभेला तो कुंचला नाही. जीभ साधी पण बारीक, आणि चोच निमुळती, त्यावर त्याचे काम भागते. म्हणून लोरी हा मधावरच जगणारा पोपट, तर लटकन हा मधाची गोडी लागलेला पोपट, असा फरक मी करतो. मध मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर पिकलेली उंबरे, वडाची फळे, बांबूच्या आणि सुरूच्या बिया.

आता तो दिसतो कुठे, आणि इतकी वर्षे तुम्हाला दिसला कसा नाही. याचे कारण सोपे आहे, आपण त्याला डोळ्यांनी शोधतो. लटकन आधी कानाला सापडतो. डोक्यावरून अगदी बारीक, धारदार 'ची-ची-ची' असा तीन ठोक्यांचा आवाज जातो आणि वर पाहीपर्यंत पक्षी दोन माडांपलीकडे पोचलेला असतो. पंखांची भिरभिर, मग क्षणभर पंख मिटून बुडी, पुन्हा भिरभिर, अशी त्याची लाटेसारखी उड्डाणे. आवाज एवढा किरकोळ की मी स्वतः पहिली दोनतीन वर्षे तो एखाद्या शिंजिराचा समजून सोडून देत होतो. एकदा का कान बसला की मग बोंडल्याच्या रस्त्यावर, मोलेच्या जंगलात, तांबडी सुर्लच्या देवळामागे, सत्तरीतल्या कुठल्याही जुन्या कुळागरात सकाळच्या पहिल्या तासाभरात दोनचार वेळा तो ऐकू येतोच. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात मात्र नावाला भुलून याच्यासाठी जाऊ नका. तिथे खाजण आणि कांदळवन आहे, बगळे आणि खंड्या बघायला सुरेख. लटकनाला उंच झाडी, फुलणारी झाडी आणि म्हातारी झाडी लागते.

यातले 'फुलणारी' सर्वांत महत्त्वाचे. लटकन एका झाडाला बांधलेला नसतो, तो बहराच्या मागे फिरतो. त्यामुळे 'आमच्याकडे होते, आता गेले' ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. ते कुठे गेलेले नसतात, पलीकडच्या डोंगरावर सावर फुललेली असते. डिसेंबर-जानेवारीपासून सावर, मग पांगारा, मग पळस, या तीन लाल-केशरी झाडांखाली उभे राहिलात की निम्मे काम झाले. सावरीचे फूल कपासारखे मोठे. त्याच्या काठावर एक पाय आणि देठावर एक पाय ठेवून लटकन आत डोके घालतो. बाहेर काढतो तेव्हा कपाळावर परागांची पिवळी पूड. त्याच फुलावर कोतवाल, साळुंक्या, हरेवा यांची दांडगाई चालू असते, म्हणून हा बहुतेकदा फांदीच्या खालच्या, टांगत्या फुलांवर काम करतो. तिथे मोठ्या पक्ष्यांना तोल सांभाळता येत नाही आणि याला तर उलटे असणे हेच सुलटे.

पांगारा पूर्वी मिरवेलीला आधार म्हणून आणि कुंपणाला जागोजागी असे. पानादेठांवर गाठी आणणाऱ्या चिमुकल्या माशीने गेल्या वीसेक वर्षांत बरेच पांगारे खंगवले. कुळागरातल्या लटकनांचे एक हक्काचे दुकान त्यामुळे कमी झाले असे माझे मत आहे. त्याची थोडी भरपाई बांडगूळ करते. होय, आंब्या-काजूवरचे तेच बांडगूळ, जे आपण कोयता घेऊन उतरवतो. त्याची नळीसारखी फुले फुलटोच्या, शिंजीर आणि लटकन तिघेही धुंडाळतात. फळझाडावरचे बांडगूळ काढूच नका असे मी शेतकऱ्याला सांगणार नाही, त्याला उत्पन्न बघायचे असते. पण बांधावरच्या, कामात नसलेल्या झाडावरचे राहू द्यायला काय हरकत आहे?

आणि माड. सावर-पांगाऱ्याचा हंगाम महिन्या-दोन महिन्यांचा, माडाला मात्र जवळजवळ दर महिन्याला नवी पोय, म्हणजे फुलोरा, येते. म्हणून बहर ओसरला की लटकन कुळागरात दिसू लागतात. तुम्ही पाहिलेली जोडी तशीच आली असणार. एका पोयीवर नर फुले हजारोंनी आणि खाली मादी फुले, म्हणजे आपली बोंडे, फार तर काही डझन. दोन्हींत मध असतो. लटकनाची चोच फुलात जाते, बोंड फोडायला ती पुरतही नाही आणि त्याला त्यात रसही नाही. बोंडे गळतात हे खरे, पण निम्म्याहून जास्त बोंडे माड आपण होऊनच गाळतो. उरलेल्यांवर इरिओफाइड कोळी (डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड) असतो, पाण्याची ओढ असते, माकडे आणि शेकरू असतात. झाडाखाली पडलेले बोंड उचलून बघा. देठाच्या टोपीखालून निघालेला तपकिरी, भेगाळलेला त्रिकोणी चट्टा असेल तर गुन्हेगार कोळी, पक्षी नव्हे.

माडाचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट. आमच्या वाड्यावर एक रेंदेर, म्हणजे माडाचा रस, सूर, काढणारे, यायचे. सकाळी आणि संध्याकाळी सूर उतरवायचा, दुपारी पोय तासायची, असे दिवसातून तीनदा माडावर चढणे. एका सकाळी ते उतरले तेव्हा कमरेला दुधिणे (सूर भरायचे भांडे) आणि एका मुठीत काहीतरी जपून धरलेले. "बाब, हो कीर सोऱ्यान पडला," (हा पोपट दारूने पडला) म्हणाले आणि माझ्या ओंजळीत ठेवला. दामोण्याच्या, म्हणजे पोयीला बांधलेल्या मडक्याच्या, तोंडाशी रात्रभराची आंबलेली सूर प्यायला आणि तिथेच पंख भिजून लोंबत राहिला होता. छातीची पिसे चिकट, अंगाला सूरेचा आंबूस वास, डोळे अर्धे मिटलेले. हातात वजन असे काही नाहीच, फक्त धडधड. चोच थोडी उघडी होती, तिच्यात जीभ दिसली ती तेव्हाच, काळसर, बारीक, साधी. मी त्याला कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसले आणि वेताच्या पाटीखाली सावलीत ठेवले. तासाभराने पाटी किंचित उचलून पाहिली तर तळाशी कोणी नाही. घाबरलो. मग लक्षात आले, महाशय पाटीच्या आतल्या बाजूने वर, छताला पाय रोवून उलटे टांगले होते आणि शांतपणे माझ्याकडे पाहत होते. दुपारी पाटी काढली, एकदा 'ची-ची-ची' करून सरळ माडीच्या शेंड्यांवरून निघून गेले. (रत्नागिरीकडच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, आमच्याकडे माडी म्हणजे पोफळ. प्यायची ती सूर.)

सूर काढलेल्या माडांवर लटकन येतात हे त्या रेंदेरांना आधीपासून ठाऊक होते. मी पुस्तके घेऊन हिंडत होतो आणि माहिती तिथे माडावर चढत-उतरत होती. आता रेंदेर कमी झाले, तसे हे पाहणारे डोळेही.

झोपण्याबद्दल. तुम्ही जे पाहिलेत ते फार थोड्यांना दिसते, म्हणून नीट सांगतो. अंधार पडायच्या अर्धा तास आधी पक्षी पानांच्या दाटीत येतो आणि चालू लागतो. चोच हा त्याचा तिसरा पाय. चोचीने डहाळी धरायची, मग एक पाय, मग दुसरा. असे करत तो टोकाकडच्या बारीक डहाळीपर्यंत जातो, दोन-तीनदा पिसे फुगवतो आणि बसल्या जागी पुढे ओणवा होऊन सरळ खाली लोंबतो. डोके आत ओढले की पक्ष्याचा आकारच जातो, उरते एक लांबट हिरवे पान. लाल कंबर उघडी असतेच, पण संध्याकाळच्या विरत्या उजेडात लाल रंग सर्वांत आधी काळा पडतो, त्यामुळे ती वाळल्या देठासारखी दिसते. मी एकदा पाच मिनिटे ज्या पानाकडे पाहत होतो ते पान निघाले आणि शेजारचे, ज्याच्याकडे लक्षच दिले नव्हते, ते अंग खाजवू लागले. इतक्या बारीक टोकाशी झोपण्याचा एक फायदा उघड दिसतो: साप किंवा उदमांजर त्या डहाळीवर आले की डहाळी हलणारच. लटकन नुसता झोपायलाच नव्हे, फुले खाताना, पिसे विंचरताना, कधी नर मादीला खाऊ घालतानाही असाच उलटा असतो.

घरट्याची गोष्ट मला जरा अवघड जाते, पण तीच तुमच्या कामाची आहे. जानेवारी ते एप्रिल हा विणीचा काळ. जागा म्हणजे झाडाची ढोली. वाळक्या फांदीतले कुजून पडलेले भोक किंवा कुटुर्ग्याने कोरून सोडलेली खोली, तोंड अरुंद असले की झाले. फार उंचीवर असायला हवे असे काही नाही, डोक्याच्या उंचीवरचे घरटेही मी पाहिले आहे. अंडी पांढरी, बहुधा तीन. मादी सुमारे तीन आठवडे उबवते आणि पिल्ले त्यानंतर महिनाभराने बाहेर पडतात. लव्हबर्डशी सारखी असलेली सवय ती हीच: मादी हिरव्या पानाच्या कडेपासून चोचीने पट्टी कातरते, बस कंडक्टर तिकिटाला भोके पाडायचा तशी टक टक टक चावत जाऊन, आणि ती पट्टी चोचीत न धरता मान वळवून कंबरेच्या लाल पिसांत खोवते. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. मग कंबरेला हिरव्या चिंध्या लावून ढोलीत शिरते. वाटेत निम्म्या पट्ट्या गळतात. ढोलीखाली अशा कातरलेल्या पट्ट्या पडलेल्या दिसल्या तर मान वर करा.

मी त्या पाहिल्या नव्हत्या. आमच्या कुळागरात न्हयच्या (नदीच्या) बाजूला एक जुना फणस होता, एक फांदी पूर्ण वाळलेली. खाली केळी लावल्या होत्या, फांदी पडून मोडतील म्हणून फेब्रुवारीत मी माणूस लावून ती उतरवली. फांदी जमिनीवर आपटली, दुभंगली, आत पानांच्या सुकत आलेल्या पट्ट्या आणि फुटलेली तीन अंडी. मादी दोन दिवस त्या फणसाभोवती ओरडत होती. त्या वेळी मला पक्ष्यांचा जाणकार म्हणून लोक कार्यक्रमांना बोलवत होते. तेव्हापासून आमच्याकडे वाळकी फांदी तोडायची ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि तीही आधी दोन सकाळी खाली बसून कोणी आत-बाहेर करत नाही ना हे बघून. रस्त्यावर किंवा घरावर झुकलेली असेल तर प्रश्न नाही, माणसाचा जीव आधी. पण कुळागराच्या मध्यावरची वाळकी फांदी कोणाचे काय बिघडवते? हल्ली बागेची 'साफसफाई' म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. फुले लावता येतात, काही वर्षांत सावर फुलतेसुद्धा. ढोली होईपर्यंत झाड म्हातारे व्हावे लागते.

साखरपाण्याचे म्हणाल तर ठेवू नका. आपल्या उकाड्यात ते दुपारपर्यंत आंबते, मुंग्या लागतात, वाटीत बुरशी धरते आणि दहा पक्षी एकाच वाटीत चोच घालू लागले की एकाचा आजार दहांना. फुलातल्या मधाबरोबर पराग मिळतात, साखरेबरोबर काहीच नाही. त्यापेक्षा साध्या पाण्याचे पसरट भांडे ठेवा, ते रोज घासा, आणि फवारणीकडे लक्ष द्या. काजूचा मोहोर आणि त्यावरची ढेकण्या कीड एकाच वेळी येतात हे मला कळते, फवारावे लागते हेही कळते. पण उमललेल्या फुलांवर सकाळी कीटकनाशक मारले की सकाळी सहा ते नऊ त्या फुलांत तोंड घालणारा प्रत्येक जीव ते पितो, तुमच्या मधमाश्यांसकट. फवारणी शक्य तितकी मोहोर उमलण्याआधी आटपा, नाही जमले तर संध्याकाळी उशिरा करा.

आणि पाळणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले रानटी पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, लटकनही त्यात आला. कायदा बाजूला ठेवला तरी हा पक्षी घरात टिकत नाही. तो दिवसभर थोडे-थोडे ओले, गोड आणि ताजे खाणारा. डाळ-तांदूळ, मिरची, भिजवलेल्या चण्यांवर तो जगत नाही. पातळ खाण्यामुळे त्याची शीटही पातळ आणि सतत, पिंजऱ्याला दोन दिवसांत वास मारू लागतो. बोलायला तर तो शिकतच नाही, मुले आठवड्यात कंटाळतील. त्यांना पिंजऱ्याऐवजी एक साधी दुर्बीण घेऊन द्या. जखमी पक्षी सापडला तर खोक्याला भोके पाडून, आत आडवी काठी लावून, अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा. तोंडात दूध घालू नका.

तुमच्या जायफळावरच्या पाहुण्याला टॉर्च मारू नका, फ्लॅश तर नकोच. बिथरून अंधारात उडाला तर कुठेही आपटतो. पहाटे, उजेड फुटायच्या थोडे आधी, पंप चालू करायला जाल तेव्हा झाडापासून दहा पावलांवर उभे राहा. तो आधी अंग ताणेल, एक पंख आणि त्याच बाजूचा पाय खाली सोडून, मग सुलटा होऊन चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसेल आणि ओरडत निघेल. कोणत्या दिशेने गेला तेवढे बघून ठेवा. त्या दिशेला काय फुलले आहे ते मला कळवा, आणि फेब्रुवारी लागला की फणस-जांभळाच्या बुंध्याशी कातरलेल्या पानांच्या पट्ट्या पडल्यात का तेही बघा.